एकही गाणं पुरं न वाजलेली सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी. माझ्या पोटात हॉरेस टॉलिव्हर नावाच्या बँडवाल्याची अठरा गाजलेली गाणी आहेत. दोन सॅक्सोफोन, ट्रम्पेट, दणदणीत पियानो आणि गाता गाता मध्येच आरोळी ठोकणारा हॉरेस! या संगीताला जंप ब्लूज म्हणतात. नावात ब्लूज, म्हणजे उदास गाणी, असलं तरी हे रडगाणं नाही बरं का. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हे लागलं की माणसं जागेवर बसूच शकत नसत. आपली स्तुती आपण करू नये, पण खरं तेच सांगते.

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीने एकदा जुन्या सीड्या काढून टाकल्या. तिथे वीणाकाकूंनी मला उचललं, तेही चुकून! माझ्या कव्हरवर एकसारखे लाल कोट घातलेले आठ जण वाद्यं घेऊन उभे आहेत. काकूंना वाटलं, हा लग्नातला बँड. भाचीच्या केळवणाला लावू म्हणून त्यांनी मला घरी नेलं. घरी मला लावल्यावर त्या अवाक्! पण त्यांचे यजमान प्रल्हादकाका, मोटारींचे ब्रेक तपासणारे गंभीर इंजिनिअर, चक्क पायाने ठेका धरू लागले. म्हणाले, "अगं, ही संक्रांतीला संगीत खुर्चीसाठी ने. पोरं पळत सुटतील!"

झालं! तेव्हापासून सोळा वर्षं तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मी हजर. बाहेर गुडघाभर बर्फ. आत शाळेच्या हॉलमध्ये तिळगूळ, हलव्याचे दागिने घातलेली बाळं आणि खुर्च्यांभोवती धावणारी मुलं. बटण कायम काकूंच्या हाती. कुणी म्हणालं, "काकू, फोनवर प्ले करू या ना," की त्या म्हणत, "नको रे बाबा, मध्येच जाहिरात लागते."

सुखात होते मी, खोटं कशाला बोलू? एकच गोष्ट मनाला लागायची. संगीत खुर्चीत गाणं लावतात ते थांबवण्यासाठीच. सॅक्सोफोन जरा रंगात आला की काकूंचं बोट आलंच! सोळा वर्षांत माझं एकही गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नाही. शेवटी आठही जण मिळून जो धमाका करतात, तो माझ्या पोटातच राहायचा.

मधल्या काळात काकांना पार्किन्सन्सने गाठलं. चालता चालता त्यांचे पाय अचानक जमिनीला चिकटत. दारात तर हमखास. कुणी हात धरून ओढलं की तोल जाई. यंदा संक्रांतीला निघताना काकूंच्या पिशवीतून मी ऐकलं. काका म्हणाले, "वीणा, एवढं शेवटचं. लोकांसमोर असं अडकून उभं राहायला नको वाटतं. पुढच्या वर्षीपासून मी घरीच." काकूंनी त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला. मला मात्र रडू आलं.

आणि व्हायचं तेच झालं. काकू खेळाच्या तयारीसाठी पुढे गेल्या आणि मागे काका हॉलच्या दारातच अडकले. मंडळाचा सेक्रेटरी निहार व्हीलचेअर शोधायला धावला. काका मान खाली घालून उभे. हॉलच्या दुसऱ्या टोकाला काकूंना याचा पत्ताच नव्हता. त्यांनी बटण दाबलं आणि मी सुरू झाले.

हॉरेसने आरोळी ठोकली आणि काकांचा उजवा पाय उचलला! मग डावा. ठेक्यावर एक-दोन, एक-दोन करत काका निघाले. तेवढ्यात काकूंनी बटण दाबलं. गाणं थांबलं, मुलं खुर्च्यांवर आदळली, आणि हॉलच्या मधोमध काका पुन्हा खिळले. हात हवेत, धरायला काही नाही. काकूंनी वर पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

त्यांनी मला पुन्हा सुरू केलं आणि हात मागे घेतला. मुलं धावत सुटली. धावता धावता दमली.

"काकू, स्टॉप इट ना! आय कान्ट रन एनी मोर!" आठ वर्षांची रुही ओरडली.

"आज नाही थांबवणार, बाळा," काकू म्हणाल्या.

काका येतच होते. एक-दोन, एक-दोन. आणि सोळा वर्षांनी माझा तो धमाका हॉलभर झाला, तेव्हा काका काकूंच्या टेबलापाशी पोचले होते. घामाघूम झाले होते, पण हसत होते.

"शेवट भारी आहे गं याचा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी दुसरं गाणं लाव."

आता रोज सकाळी काकांना चहाच्या टेबलापर्यंत मीच नेते. म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी म्हातारी सीडी असेल तर ती मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा. गोल गोल घासू नका. आणि घरात कुणाचं पाऊल अडलं तर त्याला ओढू नका. गाणं लावा, ते पुरतं वाजू द्या. तोवर मुलं थोडी जास्त दमली तर दमू देत.