तीन कपाटांतलं एक घराणं

अप्पामामाच्या बोटांना खळीचा वास यायचा. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन मुलुंडच्या आमच्या ओटीवर उतरलेलं असायचं, टेकडीकडून गार वारा यायचा, आणि आईचा हा थोरला भाऊ रविवारच्या त्या निवांत प्रकाशात नखांतली वाळलेली खळ टोकरत बसायचा. तो आमच्याकडेच राहायचा. एका मनोरुग्णालयाच्या दप्तरखान्यात कारकून होता. फाटलेले केसपेपर चिकटवायचे आणि रोगाच्या नावानुसार कपाटांत लावायचे, यात त्याचं आयुष्य गेलं. बोलणं मोजकं, पाऊल हलकं, आणि खोटं बोलायची वेळ आली की जीभ अडखळायची. असला माणूस घरात असणं म्हणजे काय वैताग असतो, ते मला पुढे कळलं.

कपाटांवरची नावं इंग्रजी. मामा आम्हांला मराठीत सांगायचा. एक उन्मादाचं, दुसरं विषादाचं, तिसरं भ्रमाचं. वर्षानुवर्षं कागद हाताळताना त्याच्या ध्यानात आलं की एकेका घराण्यातली माणसं तिन्ही कपाटांत विखुरलेली आहेत: बाप उन्मादात, मुलगी विषादात, तिचा भाऊ भ्रमात. मग या बाबानं काय करावं? एकेका घराण्याचे कागद एकत्र काढून तांबड्या फितीनं बांधून ठेवले! मोठे डॉक्टर संतापले. मामानं निमूटपणे फिती सोडल्या, कागद जिथल्या तिथे लावले. पण या तिन्हींत काही नातं आहे, ही मनाशी बांधलेली खूणगाठ तशीच राहिली. तो काही डॉक्टर नव्हता, पण त्या अनुमानामागे त्याचं स्वतःचं घर होतं.

कारण आईच्या माहेरीही तीन नावं नांदत होती. माझे आजोबा आठ-आठ दिवस न झोपता गात, हसत, वाटेवरच्या कुणालाही जेवायला बोलावत; ती त्यांची ‘लहर’. धाकट्या मामाला रिकाम्या खोलीत माणसं बोलताना ऐकू यायची. ती ‘बाहेरची बाधा’. आणि माझी आई महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून पडायची, वेणी घालणंही तिला जड व्हायचं. ते मात्र ‘पित्त’. पित्त म्हटलं की शेजारणी कोकमाचं सरबत सुचवायच्या आणि विषय मिटायचा. आई मात्र भिंतीशी पुटपुटत राहायची, “माझंच पाप फेडतेय मी.”

मला घाटकोपरचं स्थळ सांगून आलं तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मुलगा मला मनापासून आवडला होता. खोटं कशाला बोलू? पोहे झाले, आणि त्याच्या वडिलांनी सहज म्हणून विचारलं, “तुमच्याकडे वेडाबिडाचं काही नाही ना?”

“छे हो! हिच्या आईला तेवढं पित्त,” बाबा घाईघाईनं म्हणाले.

“पित्त नव्हे ते,” कोपऱ्यातून अप्पामामा शांतपणे म्हणाला. “माझे वडील, माझा धाकटा भाऊ आणि ही बहीण. नावं तीन, पण मूळ एकच असावं, रक्तातलं. बापाचे डोळे मुलाकडे येतात ना, तसं. त्यात कुणाचा दोष नाही.”

माझी तर वाटच लागली. पाहुणे सुपारी तोंडात टाकून उठले. “माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंस तू,” मी मामाच्या तोंडावर म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार करकरलं. पदर सावरत आई उंबऱ्यात उभी होती. गेल्या दोन महिन्यांत ती ओटीपर्यंत आली नव्हती. आतून तिनं सारं ऐकलं होतं.

“अप्पा,” ती म्हणाली, “म्हणजे मी पाप नव्हतं केलं?”

“नाय गो बाय,” मामा घरच्या बोलीत म्हणाला. “काय पण नाय केलंस तू.”

ती मटकन खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडली, मूल रडतं तशी. त्या रडण्यापुढे माझा राग टिकला नाही.

आजार काही त्यानं गेला नाही. तो ऋतूंसारखा येत-जात राहिला. पण भिंतीशी चाललेलं ते पुटपुटणं थांबलं.

आता मामा नाही, आईही नाही, आणि त्या घाटकोपरच्या मुलाचा चेहरा आठवू म्हटलं तरी आठवत नाही. काळानं इतकं सारं नेलं, पण आईचं ते रडणं माझ्यापाशी राहू दिलं, आणि ते आठवलं की अजूनही मला बरं वाटतं.