तुटलेले अकरा पाटे

१९५७ सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी दुपारी, तोगाशी मोटर कंपनीच्या फाटकासमोर एक हिबारी येऊन थांबली. हिबारी ही आमच्याच कंपनीची पहिली चारचाकी. तिची मागची डावी बाजू इतकी खाली बसली होती, की चाक पत्र्याला घासत होतं. चालवत होती पन्नाशीची एक बाई. अंगात कामाची सैल विजार, वर नवऱ्याचा असावा असा जाड कोट. पहारेकरी पुढे आला, तर त्यालाच म्हणाली, "डिकी उघडायला दोन माणसं द्या. जड आहे."

डिकीत लोखंडी पाटे होते. मागच्या चाकांवर गाडीचे धक्के झेलणारी जी कमान असते तिचे पाटे, सगळे मधोमध तुटलेले. बाईनं ते आमच्या स्वागतकक्षात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या शेवंतीच्या कुंडीसमोर, एकाशेजारी एक मांडायला लावले. अकरा भरले.

मला वरच्या मजल्यावरून खाली बोलावलं गेलं. मी इसोगाई तामोत्सु, तेव्हा एकतीस वर्षांचा. हिबारीची मागची कमान मी आखली होती. आराखड्याच्या खालच्या कोपऱ्यात माझा शिक्का होता.

बाईंचं नाव काराकी ओरिए. इना खोऱ्यात, डोंगरावर, कामिसावा नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, तिथं त्यांच्या चार टॅक्सी होत्या. चारही हिबारी.

आमचे विभागप्रमुख हासेबे सौम्य माणूस होते, पण कंपनीची बाजू सोडायचे नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, ही चार माणसांची गाडी. तुम्ही किती बसवता?"

"पाच. बाजाराच्या दिवशी सहा. वर मुळ्याचं पोतं."

"मग पाटे तुटणारच ना."

"अहो, मग काय म्हातारीला सांगू, की तू गाडीमागून चालत ये?" बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याची शवपेटी तुमच्याच तीनचाकी टेम्पोनं घाटावर चढवली. गुडघाभर बर्फ होतं. कुठं कुरकुर नाही. ते बघून मी चार गाड्या घेतल्या. आता गावात लोक मला हसतात. ते मी सोसते. पण तुम्हाला हसतात, ते तुम्हाला कळावं म्हणून आलेय."

त्यांनी सांगितलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमचे मालक तोगाशी यासुके यांनी तरुणपणी विहिरीचे पंप बनवले. युद्धात कारखाना जळाला. मग राखेतून निघालेल्या ॲल्युमिनियमची भाताची पातेली ओतून त्यांनी साठ कामगारांची पोटं भरली. १९४८ साली पहिला तीनचाकी टेम्पो काढला. तोगाशीचा टेम्पो चिखलात गेला तर चिखलानंच बाजूला व्हावं, असं मासळीबाजारात लोक बोलायचे. त्या नावावर आम्ही हिबारी विकली. हिबारी म्हणजे चंडोल. आणि वर्षाच्या आत टॅक्सीवाले म्हणू लागले, "चंडोल उडतो म्हणे. आमचा बसलाय."

हासेबेंनी मला बाजूला घेतलं. "जा तिच्याबरोबर. आठ दिवस राहा. किती माणसं बसवतात ते मोज आणि अहवाल लिही. ओझं जास्त, एवढंच."

काराकीबाईंच्या गाडीला आम्ही नवे पाटे घातले आणि दुसऱ्या दिवशी निघालो. गाडी त्यांनीच चालवली. वाटेत त्या फक्त एकदा बोलल्या. "तुम्ही कधी टॅक्सीत मागं बसलायत?"

"शहरात बसलोय."

"ते नव्हे," त्या म्हणाल्या.

कामिसावात माझी सोय त्यांच्या घरी माडीवर होती. दिवसभर मी गेन्पेईच्या गाडीत मागं बसायचो. गेन्पेई साठीचा, आयुष्यभर घोडागाडी हाकलेला. आता टॅक्सी चालवायचा आणि अजूनही चढावर गाडीला जीभ टाळ्याला लावून टक् टक् करायचा. रस्ता नदीच्या कडेनं, खडीचा. खडीवर आडव्या वळ्या पडलेल्या, कपडे घासायच्या लाकडी पाटीसारख्या. पहिल्याच दिवशी मी काही विचारायला तोंड उघडलं आणि जीभ दाताखाली सापडली.

"इंजिनीअरसाहेब, गप्प बसा," गेन्पेई म्हणाला. "या रस्त्यावर बोलायचं ते उतरल्यावर. आमच्याकडे भांडणंसुद्धा उतरल्यावर होतात."

चार दिवस मी माणसं मोजली. हासेबेंचं खरं होतं. पाच, सहा, एकदा तर सात. अहवाल तिथंच लिहून मी परत जाऊ शकलो असतो. खरं सांगायचं तर आगगाडीचं वेळापत्रकही पाहून ठेवलं होतं.

पण ते अकरा पाटे डोक्यातून जात नव्हते. ओझ्यानं पाटा आधी बसतो, चपटा होतो, मग कुठंही मोडतो. हे पाटे चपटे झालेच नव्हते. अकराच्या अकरा एकाच जागी तुटले होते, मधल्या बोल्टच्या भोकावर. कमान एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, दोन यू-बोल्टनी घट्ट आवळलेली असते. ते घट्ट असतील तर भोकावर ताण येतच नाही.

शेजारी लाकडी वाडगी रंगवणारा एक कारागीर राहायचा. त्याच्याकडून मी थोडा लाल रंग मागून आणला. गाडीखाली शिरून प्रत्येक नटावर एक बारीक रेघ ओढली, नटावरून खालच्या पट्टीवर गेलेली, सलग. मग काराकीबाईंना म्हणालो, "मला एक गाडी एक दिवस द्या. रिकामी. गेन्पेई आणि मी, बस."

"धंद्याचा दिवस आहे."

"माहीत आहे."

त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. "न्या."

दिवसभर आम्ही त्या रस्त्यावर खाली-वर केलं. मागची बाकडी मोकळी. गेन्पेईला असं रिकामं फिरणं लाजिरवाणं वाटत होतं, ओळखीचं कोणी दिसलं की तो मान वळवायचा. चार वाजता परत येऊन मी गाडीखाली शिरलो. आठपैकी पाच नटांवरची लाल रेघ तुटली होती. पाना लावला, तर एक नट बोटानंही फिरावा इतका सैल.

ओझ्याचा संबंधच नव्हता. मी सगळं खोललं. एक्सल आणि कमानीच्या मध्ये दाबलेल्या तंतूंची एक चकती बसवलेली होती, गाडीत आवाज कमी यावा म्हणून. त्या वळ्यांवरच्या हादऱ्यांनी ती चेपून पातळ झाली होती. चकती पातळ झाली, की आवळ सुटतो आणि सगळा भार त्या भोकावर येतो. ती चकती घालायची कल्पना माझी. आमच्या कारखान्यातला चाचणीचा रस्ता डांबरी होता. तिथं ती हजारो मैल टिकली होती.

मी तसाच अंगणात बसून राहिलो. काराकीबाईंनी चहा आणि लोणच्याची बशी आणून ठेवली. "चेहरा असा का?"

"बाई, चूक तुमच्या मुळ्याच्या पोत्याची नाही. माझ्या कागदाची आहे."

त्यांनी लोणच्याची एक फोड तोंडात टाकली, चावली. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "रस्ता काही माझ्यानं बदलला नसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टातून हासेबेंना फोन लावला. पोस्टमास्तरीण खिडकीतून ऐकत होती, तरी सगळं सांगितलं.

"तेरा-चौदाशे गाड्या रस्त्यावर आहेत," हासेबे म्हणाले. "कळतंय ना काय बोलतोयस?"

"कळतंय. ती चकती काढून लोखंडी घालायला हवी, आणि दोन-दोन नट. प्रत्येक गाडीला. तोवर नव्या गाड्या बाहेर पाठवू नयेत."

"आराखड्यावर शिक्का तुझा आहे, इसोगाई."

"म्हणूनच मी सांगतोय. दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा बरं."

मग त्यांनी फोन ठेवला. नोकरी गेली असं मी धरून चाललो. विचित्र म्हणजे त्या दिवशी दुपारी मी दोन वाट्या भात जास्त जेवलो.

तिसऱ्या दिवशी खालच्या स्टेशनवर मी आणि गेन्पेई प्रवाशांची वाट बघत उभे होतो. आगगाडीतून दोन बाजारकरी बायका उतरल्या, आणि त्यांच्या मागून कारखान्यातला निळा सदरा घातलेला एक म्हातारा. तोगाशी यासुके. सोबत कोणी नाही. मी वाकून नमस्कार करायला गेलो, तर त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं आणि मागच्या बाकावर त्या दोघींच्या मध्ये जाऊन बसले. मी गेन्पेईशेजारी बसलो. गेन्पेईला म्हातारा कोण ते ठाऊक नव्हतं.

वळ्या सुरू झाल्या. पहिल्याच खड्ड्यात मालकांचं डोकं छताला आपटलं.

"आजोबा, वरची कडी धरा," उजवीकडची बाई म्हणाली. "नवीन दिसताय. ही तोगाशीची गाडी. हिच्यात बसलं की सकाळचं खाल्लेलं पुन्हा दिसतं."

"माझ्या जावेचं तर सातव्या महिन्यातच पोट दुखायला लागलं," डावीकडची म्हणाली. "तेव्हापासून ती चालत जाते."

"टेम्पो चांगला होता त्यांचा," पहिली म्हणाली. "मग डोक्यात हवा गेली असेल. मोटारी बनवायला निघाले."

"तसंच झालं असेल," मालक म्हणाले.

दीड तास मालक कडी धरून बसले. मधे एकदा त्यांनी विचारलं, हिवाळ्यात डॉक्टर गावात कसा येतो? "अशाच गाडीनं," डावीकडची बाई म्हणाली. "दुसरं आहे काय?"

काराकीबाईंच्या अंगणात उतरल्यावर ते आधी गाडीखाली शिरले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पाठीवर झोपून. बाहेर आले तेव्हा हातात ती चेपलेली चकती होती.

"हासेबेंनी मला सगळं जसंच्या तसं सांगितलं," ते मला म्हणाले. "वर हेही म्हणाले, की त्यांनी तुला खोटा अहवाल लिहायला सांगितलं होतं. मी दोघांवरही रागावलोय. राग नंतर काढीन. चकती कोणाची?"

"माझी."

"तिच्यावर सही कोणी केली?"

सही त्यांची होती.

"डांबरी रस्त्यावर चालवली आणि डोंगरात विकली," ते म्हणाले. "ही अक्कल तुझी एकट्याची नाही." मग ते काराकीबाईंकडे वळले आणि कमरेत इतके वाकले, की गेन्पेईच्या हातातली सिगारेट गळून पडली. तेव्हा त्याला कळलं, आपण कोणाला खड्ड्यांतून आणलं.

बाईंनी नमस्कार घेतला. "आत या. शेवया शिजल्यात. निवतील."

जेवताना मालकांनी ठरवलं. कारखान्यातली हिबारी जुळवायची साखळी बंद. लोकांनी गाड्या आमच्याकडे आणायच्या नाहीत, आम्ही त्यांच्या दारी जायचं. दोन-दोन मिस्त्री, एकेका टेम्पोत सामान भरून, गावोगाव. वर्तमानपत्रातही द्यायचं, की चूक आमची आहे.

"लोक हसतील," मी म्हणालो.

"आत्ता ऐकून आलो ना हसताना," ते म्हणाले. "मेलो नाही."

त्यांनी आधी काराकीबाईंच्या चार गाड्या घ्यायला सांगितल्या. बाईंनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "घाटापलीकडे डॉक्टर मियोशींची हिबारी आहे. आधी ती करा. माझे लोक चार दिवस पायी चालतील."

साखळी नऊ दिवस बंद होती. गाड्या शोधायला पाच महिने लागले. मी स्वतः एकशे बेचाळीस गाड्यांच्या खाली शिरलो. हासेबेही आले, कोट काढून, तीन आठवडे. एका सरायवाल्यानं आम्हाला दारातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर आधी तासभर बोलणी खाल्ली आणि मग गाडी मिळाली. एका खेड्यात हिबारीत कोंबड्या ठेवलेल्या होत्या. त्या बाहेर काढल्या, नट बदलले, कोंबड्या परत आत घातल्या. बर्फात बोटं बधिर व्हायची, पाना हातातून निसटायचा. पण त्या पाच महिन्यांत रस्ता म्हणजे काय, ते मला समजलं. आजवर मी रस्त्याला कागदावरची सरळ रेघ समजत होतो.

पुढच्या एप्रिलात मात्सुमोतो शहरात टॅक्सीमालकांची सभा होती. कंपन्यांची माणसं नव्या गाड्यांची माहिती द्यायला आली होती, मीही होतो. माझ्या आधी दुसऱ्या एका कंपनीचा विक्रेता उठला. टापटीप सूट, गोड आवाज. तो म्हणाला, "आमची एकही गाडी आम्हाला कधी परत तपासावी लागलेली नाही. काही कंपन्यांना मात्र वर्तमानपत्रात माफी मागावी लागली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उठायच्या आत तिसऱ्या रांगेतून काराकीबाई उठल्या.

"तुमची एक गाडी माझ्या दिराकडे आहे," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. "तिचा ब्रेक धरत नाही. त्यानं तुम्हाला तीन पत्रं टाकली. मिळाली?"

विक्रेता म्हणाला, चौकशी करतो.

"करा. तोगाशीची गाडीही मोडते, मी तर अकरा पाटे मोडलेत. पण यांचा मालक आमच्या गावात आला, बाजारकरी बायकांच्या मध्ये बसला, गाडीखाली झोपला. हा इंजिनीअर माझ्या घरी राहिला, स्वतःची चूक स्वतः शोधून मला सांगितली. न मोडणारी गाडी कोणी बनवली असेल तर मला दाखवा. तोवर मी मोडल्यावर येणाऱ्याची घेणार."

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. टॅक्सीवाले टाळ्या वाजवत नाहीत. पण चहाच्या वेळी माझ्यासमोर रांग लागली, आणि जो तो आपापल्या रस्त्याचं सांगू लागला. कोणाचा वाळूचा, कोणाचा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा, कोणाचा बर्फाचा. मी सगळं लिहून घेतलं. दुसरी हिबारी त्या टिपणांवरून बनली. सत्तर सालाच्या पुढं जेव्हा ती परदेशी जाऊ लागली, आणि कुठल्या कुठल्या कच्च्या रस्त्यांवरून लोक तिचं नाव चांगलं घेऊ लागले, तेव्हा वर्तमानपत्रवाले आम्हाला विचारायचे, यामागचं तंत्र काय. मी त्यांना कामिसावाला जाणारी आगगाडी सांगायचो.

काराकीबाईंनी त्याच वर्षी आणखी दोन गाड्या मागवल्या. न्यायला स्वतः आल्या, सोबत गेन्पेई. गाडीला हात लावायच्या आधी त्या मागच्या बंपरवर चढल्या आणि सगळ्या कारखान्यासमोर चार वेळा जोरात उड्या मारल्या. मग खाली उतरून कोटाची धूळ झटकली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रंग मात्र दुसरा द्या. हा आमच्या चिखलावर शोभत नाही."