ढवळल्याशिवाय

भरे गावच्या गौतमीला तोंड आवरत नाही, असं कॉलेजात सगळे म्हणत. पण दयानंद सरांपुढे तिनं ते आजवर आवरलं होतं. पीएचडीच्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती ना!

प्रयोग दिसायला साधा. काचेची लांबट पन्हळ, तिच्यात आडव्या बसवलेल्या तांब्याच्या तीन तापत्या नळ्या आणि त्यांच्याभोवतून वाहणारं पाणी. पाण्यात अॅल्युमिनाची पूड, डोळ्यांना कणही दिसू नये इतकी बारीक. या पुडीमुळे पाणी नळ्यांची उष्णता जास्त ओढून घेतं म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त पंप बंद करून मिश्रण रात्रभर टाकीत तसंच ठेवलं की पूड तळाशी बसे. सकाळी पंप लावला की तिचे गोळे नळ्यांच्या पाठीमागे, जिथे प्रवाह मंदावतो तिथे साचत. मग नळ्या साध्या पाण्यातल्यापेक्षाही जास्त तापत. म्हणून सरांचा दंडकच होता: आकडे घेण्याआधी टाकी ढवळायची, आणि ढवळल्याचं कुठे बोलायचं नाही.

आज इलेक्ट्रिक बस बनवणारे पाहुणे आले होते. बॅटरी थंड ठेवायला त्यांना हेच पाणी हवं होतं.

"ढवळलंस ना?" सर दारातच कुजबुजले.

"नाही."

"मग ढवळ पटकन. त्यांचा चहा संपत आलाय."

"सर, सुट्टीभर डेपोत उभ्या राहिलेल्या बसमध्ये कोण ढवळणार? बॅटरी तापली तर आत माणसं असतील."

"सही हवी आहे ना तुला?"

गौतमीच्या अंगाचा तिळपापड झाला. कॉलेजात इतकी जपलेली शुद्ध भाषा गेली उडत.

"मी न्हाई ढवळायची! ऱ्हाऊ द्या तुमची सही तुमच्याकडंच."

आवाज एवढा चढला की पाहुणे कप हातात घेऊनच आत आले. तिनं त्यांच्यासमोर पंप सुरू केला. नळ्यांमागे पांढरा गाळ धरू लागला, तापमानाचा आकडा चढत गेला. पाहुणे वाकून वाकून बघू लागले.

"आज जरा ढवळायचं राहिलंय," सर कसनुसं हसत म्हणाले.

गौतमीनं टाकीत फिरवायची लांब दांडी उचलली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या हातात कोंबली.

"धरा, सर. गाड्या रस्त्याला लागल्या की दर बसमागं तुमालाच पळायचं हाय."