गढीबाहेरची वाट

आमच्या घराण्यात बायकांची कंबर जाते आणि मग त्यांना खाटेवर निजवतात. माझ्या सासूबाई, केसरबाई, अशाच निजल्या. निजल्या तेव्हा त्यांना नुसता कंबरेचा त्रास होता. पुढे पायांतली शक्ती गेली, मग पाठीला जखमा पडल्या, आणि शेवटी शेवटी त्यांना कुशीवर वळवताना आम्हाला पदर नाकाला लावावा लागे. त्यांना उचलण्याचे काम माझ्याकडे होते. उचलले की त्या डोळे मिटून घेत. दुखते म्हणून नव्हे. सुनेने उचललेले त्यांना पाहवत नसे.

हकिमाने विश्रांती सांगितली होती, आणि घराण्याच्या रीतीलाही तेच सोयीचे होते, कारण आमच्याकडे गोषा होता. पाटलाच्या घरची बाई विहिरीवर जात नाही, जात्यावर बसत नाही, आणि परगावी निघाली तर पडदा लावलेल्या दमणीतून, बैलांच्या छकड्यातून, निघते. जिने मुळात कुठे जायचेच नाही, तिला खाटेवर ठेवायला कोणाची हरकत असणार?

माझी कंबर गहिनीनाथाच्या बाळंतपणात धरली ती कधी सुटली नाही. कळ कंबरेतून निघून डाव्या टाचेपर्यंत उतरे. मालक गेले, पाटीलकी गहिनीनाथाकडे आली, आणि त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की माझ्यासाठी नवी खाट विणून घेतली. ती ठेवली सासूबाईंच्याच खोलीत. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. थोर घरच्या आईला जसे ठेवावे तसा तो मला ठेवत होता. मीही निजले.

तेवढ्यात गावात उंदीर पडू लागले.

प्लेगचा पुकारा झाला. तहसीलीतून हुकूम आला की गाव खाली करा, आणि उमापूरच्या वाटेवरच्या माळावर सगळ्यांनी तुराट्यांच्या झोपड्या घातल्या. झोपडीला कसला गोषा? तुराट्यांच्या फटींतून अर्धे गाव दिसे आणि अर्ध्या गावाला आम्ही दिसत असू. आमच्याकडे दळणकांडण करणारी साखराबाई सगळ्यांत आधी गेली. तिच्यामागे माझी सून गीताबाई. सकाळी काखेत गाठ दिसली, तिसऱ्या दिवशी पुरुष तिला स्मशानात पोचवून आले. तिची मुलगी सुंदर तेव्हा नुकती चालायला लागली होती; आई कुठे गेली हे विचारण्याइतकेही तिला बोलता येत नव्हते.

आता दळणार कोण? पाणी आणणार कोण? माळावर जो तो आपापल्या मेलेल्यांच्या मागे होता. मी जात्यावर बसले. पहिले काही दिवस दात आवळून दळत असे, आणि उठताना झोपडीच्या मेढीला मिठी मारावी लागे. ओढ्यातल्या झऱ्यावर पाण्याला जाताना तर वाटे, इथेच बसावे आणि इथेच संपावे. पण बसले की कळ वाढे आणि चालले की उतरे, हे मला हळूहळू कळत गेले. कोणी शिकवले नाही. ज्या दिवशी मी जास्त चालले त्या रात्री मला झोप लागली, आणि ज्या दिवशी आडवी पडून राहिले त्या रात्री पाय लाकडासारखा झाला. हिवाळा सरेपर्यंत मी भरली घागर घेऊन चढ चढत होते. सुनेला अग्नी देऊन आलेल्या घरात हे बोलायची सोय नव्हती, पण इतकी वर्षे माझ्या ताब्यात नसलेले माझे शरीर मला परत मिळाले होते.

साथ ओसरली, घरे धुरी देऊन उघडली आणि आम्ही गढीत परतलो. दरवाजा लागला. मी पुन्हा आत गेले, कारण रीत तीच होती आणि मीच ती आजवर इतरांकडून पाळून घेतली होती. पावसाळाभर मी माजघरापलीकडे गेले नाही. एका सकाळी उठायला गेले तर डावा पाय जमिनीवर टेकलाच नाही. म्हाळू धनगराची बायको दगडाबाई ताक घेऊन आली होती. तिने आणि कडूबाई मोलकरणीने मला काखेत हात घालून मोरीवर नेले. मी डोळे मिटून घेतले.

पाय पुन्हा टेकू लागल्यावर मी मागच्या दाराने बाहेर पडले.

गहिनीनाथ धावत आला. "बाई, कुठं निघालात? लोक काय म्हनतील?"

"लोकांनी मला माळावर पाणी वाहताना पाहिलंय."

"तवा मरणाची वेळ होती. आता कशापायी?"

"आताही तीच हाय. तुला दिसंना एवढंच."

तो आत गेला. मग कोणाचे तरी घोंगडे आणून त्याने माझ्या हातात दिले. "जायाचंच असंल तर हे डोक्यावरून घ्या. दगडाबाईसंगं जा. वळखू तरी येनार न्हाई."

मी घोंगडे घेतले. थंडी होती, आणि तो माझा मुलगा होता. तेव्हापासून रोज सकाळी मी दगडाबाईबरोबर पांदीने, शेतांमधल्या चिंचोळ्या वाटेने, मळ्यातल्या विहिरीपर्यंत जाई, घागर भरून आणी आणि आल्यावर पायलीभर दळी. दगडाबाईच्या तोंडाला कुलूप नव्हते.

"माय, तुमी चालता का जमिनीवर हुकूम सोडता? किती आपटून पाय टाकता!"

"तू तुझ्या शेळ्यांकडं बघ."

"शेळ्या ऐकत्यात वो. तुमीच कुनाचं ऐकत न्हाईत." आणि स्वतःच खिदळत पुढे जाई.

दुखणे गेले असे मी म्हणणार नाही. पहाटे उठताना रोज कळ येई, आणि विहीर येईपर्यंत ती सहन करण्याजोगी होई. एवढाच व्यवहार होता. पण एक दिवस चुकला की तिसऱ्या दिवशी पाय जड होई, म्हणून मी दिवस चुकवत नव्हते.

दिवाळीनंतर गहिनीनाथासाठी पाटोद्याकडच्या देशमुखांच्या मुलीच्या सोयरिकीची गोष्ट निघाली. हे व्हावे असे त्याच्याइतकेच मलाही वाटत होते. सुंदर दिवसभर माझ्या पदराला धरून असे. तिला आई हवी होती. गहिनीनाथ जेवताना समोरच्या रिकाम्या पाटाकडे पाही, आणि तो पाट उचलायचा कोणी हे आम्ही दोघांनीही ठरवले नव्हते. देशमुखांचे घर मोठे, गोषा आमच्याहून कडक.

"बाई," तो म्हणाला, "लगीन होईस्तोवर बाहेर जाऊ नका."

"लग्न वैशाखात. तोवर माझे पाय राहतील का?"

"हकिमाला बोलावतो. तेल चोळाया बाई ठेवतो."

"तुझ्या आजीलाही बाई ठेवली होती. ती बाई म्हणजे मी."

तो हलकेच म्हणाला, "पावने यायच्या दिवशी तरी?"

तेवढे मी कबूल केले. पाहुणे पौर्णिमेला येणार होते.

ते आदल्याच दिवशी आले. नारायणगडाला दर्शन घेऊन, वाटेत मुक्काम करून, बैल चांगले चालले म्हणून लवकर पोचले. मी घागर भरून परतत होते. घोंगडे डोक्यावर, त्यावर घागर, दगडाबाई मागे. पांद अरुंद, समोरून दमणी आली तशी आम्ही दोघी बाभळीला टेकून उभ्या राहिलो. आत एक वयस्क गृहस्थ होते. पांढऱ्या मिशा, स्वच्छ पागोटे. त्यांनी दमणी थांबवली.

"ए म्हातारे, गहिनीनाथ पाटलाची गढी हिकडंच का?"

मी मान हलवली.

"त्याच्याच घरी पानी वाहतीस का?"

"हो," मी म्हणाले. ते खरेच होते.

ते दमणीतून थोडे पुढे वाकले आणि आवाज खाली आणून बोलले. "मग एक इचारतो, खरं सांग. शहादेव देशमुख म्हनत्यात मला, माझ्या लेकीची गोष्ट लागलीय तिथं. पाटलाची आई कशी हाय? पाटील म्हनतो, ती खाटंला खिळलीय, कधीची उंबऱ्याच्या बाहेर आली न्हाई, लई सोवळी, लई गोषाची. ते बरंच हाय. पन आमच्या पोरीला जन्मभर तिला उचलून ठेवावं लागंल का? लेकीचा बाप हाय म्हनून इचारतो."

डोक्यावरच्या घागरीतले पाणी हलले. गहिनीनाथाने मला लपवले असते तर मी समजू शकले असते. त्याने मला निजवून टाकले होते, आणि त्याचे भूषण सांगितले होते.

मी गप्प राहू शकले असते. गढीकडे बोट दाखवायचे, मागच्या दाराने आत जायचे, लुगडे बदलून खाटेवर पडायचे. देशमुखांना पाणी वाहणाऱ्या म्हातारीचा चेहरा दुपारपर्यंतही आठवला नसता. पण त्यानंतर मला पुन्हा उठता आले नसते. जिला ते खिळलेली म्हणून पाहतील, तिला ते असेपर्यंत खिळलेलेच राहावे लागले असते, आणि मग त्यांची मुलगी, सासूला उचलत.

घागर मी दगडाबाईच्या डोक्यावर दिली. घोंगडे मागे सारले.

"देशमुख, तुमच्या पोरीला कुणाला उचलावं लागणार नाही. गहिनीनाथाची आई मीच हाय."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे, आणि मग खरे ते ओळखून एकदम तोंड फिरवून पलीकडच्या शेताकडे पाहू लागले. परक्या गोषातल्या बाईकडे पाहू नये, म्हणून. गाडीवानालाही त्यांनी मान वळवायला लावली. त्यांनी शिवी दिली असती तर ती मला हलकी वाटली असती.

"मासाहेब," शेताकडे पाहतच ते म्हणाले, "माझी चूक झाली. मी काय बोललो ते इसरा. मी तुमाला पाहिलं न्हाई. दमणी मागं वढ्यापर्यंत घेतो, तुमी निवांत घरी जा. आमी दुपारी येतो."

ते भले गृहस्थ होते. इतक्या वर्षांत मला इतक्या मर्यादेने कोणी वागवले नव्हते.

"आणि उद्या?" मी विचारले.

"उद्या?"

"उद्या सकाळी मी पुन्हा याच वाटेनं येणार. परवाही. लग्नाच्या दिवशीही येईन."

"लगीन होईस्तोवर तरी—"

"आणि मग?"

"मग काय, सून येतीच की घरात. तुमाला काडी उचलाया लागनार न्हाई."

"तेच मला नकोय. तुमच्या लेकीला मी विहिरीवर पाठवणार नाही. तिनं तिचा गोषा खुशाल पाळावा. पण मी चालणार. न चालले तर वर्षाच्या आत ती मला मोरीवर नेत असेल. तुम्हीच आता विचारलंत ते."

बैलाने मान झटकली, घुंगरू वाजले.

"मासाहेब, तुमचं खरं असंल. पन माझ्या आनखी लेकी उजवायच्या हायेत. जिची सासू पांदीत घागर घेऊन भेटती, तिच्या बहिनी कोन करंल?" मग गाडीवानाला म्हणाले, "वळव."

पांदीत दमणी वळत नाही. बैल सोडून, जू खाली टेकून, ती मागे ढकलत न्यावी लागली. देशमुख उतरून स्वतः चाकाला लागले. आम्ही दोघी बाभळीखाली उभ्या राहून ते सगळे पाहत होतो, आणि ते संपेपर्यंत त्यांनी एकदाही वर पाहिले नाही. मग दगडाबाई घागर घेऊन झपाझप माझ्या पुढे गढीकडे गेली.

बातमी माझ्या आधी पोचली होती. गहिनीनाथ अंगणात उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या पुरणासाठी कडूबाई डाळ निवडत बसली होती; तिला त्याने उठवून घालवले.

"त्यांनी तुमाला घरी जा म्हनलं होतं," तो म्हणाला. "त्यांनी झाकाया बघितलं. तुमी झाकू दिलं न्हाई."

"तू त्यांना सांगितलंस मी खिळलेय."

"मग काय सांगू? पाटलाची आई मोलकरनीवानी पानी वाहती, हे सांगू?"

"मी चालते, हे सांगायचं."

"सुंदरला आता आई कोन देनार, बाई? तुमी?"

सुंदर दारात येऊन आम्हा दोघांकडे पाहत होती. मी तिच्याकडे गेले आणि वाकून तिला उचलले. कंबरेत कळ आली, टाचेपर्यंत गेली, मी तिला खाली ठेवले नाही. गहिनीनाथाने ते पाहिले आणि तो बाहेर निघून गेला.

तो त्या रात्री मळ्यात म्हाळूकडे जेवला, आणि पुढेही तिकडेच जेवत राहिला. घरी येई तो हिशोबापुरता, सुंदरसाठी काही आणी, माझ्याशी लागेल तेवढे बोले. दुसरी सोयरीक आली नाही. पांदीतली गोष्ट सगळीकडे पोचली होती. रिकामा पाट शेवटी मीच उचलला.

पण ते सगळे पुढचे; त्या भेटीच्या दुसऱ्याच पहाटे, पाहुण्यांसाठी ठरलेल्या पौर्णिमेला, मला उठवेना. आदल्या दिवशी बाभळीखाली फार वेळ ताटकळले होते. पाठ फळीसारखी झाली होती. मी भिंतीला हात लावून बसले, मग भिंतीला हात लावून उभी राहिले. दगडाबाई मागच्या दाराशी आली होती.

"माय, आज ऱ्हाऊ द्या की. आज तर तुमी घरीच ऱ्हानार व्हता."

"पाहुणे येणार होते म्हणून," मी म्हणाले. "घागर दे."