रामकिसनचा कोयता

“झिजलेला कोयता परत आला, की आधी धुवायचा, कुंकू लावायचं, मगच भट्टीत टाकायचा. लई राबून आलाय त्यो, पोरी.”

तात्याबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण चौसाळ्याच्या त्या लोहाराच्या दुकानात पाऊल ठेवलं की सरस्वतीबाईंना सासऱ्यांचा हा आवाज अजून ऐकू यायचा. नवी नवरी असल्यापासून त्यांनी तिथं भाता ओढला होता. दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या नवराबायकोच्या जोड्या दारात बसायच्या, चहा व्हायचा, थट्टामस्करी चालायची, आणि जुन्याचं लोखंड नव्यात घालून जो तो आपला कोयता घेऊन जायचा.

यंदा भट्टी गार होती. तोडणाऱ्यांची मनगटं सुजतात म्हणून तात्याबांनी कोयत्याची मूठ बाहेरच्या अंगाला जराशी वळवली होती. तसल्याच मुठीचं आता एका कंपनीनं पेटंट घेतलं, दावा लावला, आणि सरस्वतीबाईंच्या लेकानं, अजिनाथनं, निकाल लागेपर्यंत तसा एकही कोयता करायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम आला. सरळ मुठीला गिऱ्हाईक हात लावीना. बीडच्या वकिलांनी सांगितलं, पेटंटच्या आधीचा एखादा कोयता आणि तो ओळखणारं माणूस पुढं आणा, नाहीतर दुकान विसरा.

अजिनाथ गावोगाव हिंडला. मिळणार कुठून? जुने सगळे याच घरानं वितळवलेले.

“आपली साक्ष आपणच भट्टीत घातली, आई,” तो म्हणाला. “वर कुंकू लावून.”

सरस्वतीबाईंना तसल्या मुठीचा एक कोयता ठाऊक होता. देवीला पाणी घालायचा त्यांचा रोजचा नेम. तेव्हा गाभाऱ्याच्या कोनाड्यात तो दिसायचा. गावातल्याच केसरबाईचा नवरा रामकिसन उसाच्या फडातच गेला, तेव्हा तिनं त्याचा कोयता भट्टीला न देता देवीला वाहिला होता. वाहिलेलं परत मागावं तर पाप, न मागावं तर लेकाचं दुकान जातं.

शेवटी त्या केसरबाईकडं गेल्या. म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “कंपनीतल्या कुणाचं मनगट सुजलंतं, बाई?”

सरस्वतीबाईंना हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. तात्याबांनी रामकिसनला मूठ धरायला लावली, पुन्हा तापवून वळवली, पुन्हा धरायला लावली. दुपार सरली तरी त्यांचं मन भरेना, आणि भाता ओढून सरस्वतीबाईंचे खांदे भरून आलेले. तो कोयता घेऊन रामकिसन फडाजवळच्या झोपडीवर, कोपीवर, आला आणि बायकोला म्हणाला होता, आता तुला माझं मनगट शेकायला नको. केसरबाई हे सांगत होती, पण नवऱ्याचं नाव एकदाही तिच्या ओठावर आलं नाही. दोघी तेवढा वेळ कोर्ट विसरल्या.

कोर्टात अजिनाथ बोलेल असं ठरलं होतं. पण तो कोयता घडला तेव्हा अजिनाथ जन्मलाही नव्हता. हे केसरबाईच्याच ध्यानात आलं.

“ने कोयता. देवीला मी सांगते,” ती म्हणाली. “पर नुसता ठिवून येऊ नको. कुणाचा हाय ते तिथं नाव घेऊन सांग. मी जलमात त्यांचं नाव घेतलं न्हाई, आता बी घ्यायची न्हाई. तू घे.”

“घेते,” सरस्वतीबाई म्हणाल्या. चार माणसांत त्यांचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

तारखेच्या दिवशी देवीपुढं डोकं टेकवून त्यांनी कोयता उचलला आणि धुवट कापडात गुंडाळला. हायवेवर बीडची जीप भरत होती. अजिनाथ पुढं बसला. सरस्वतीबाई मागच्या खिडकीशी बसल्या, पदर सावरला, आणि ओठांतल्या ओठांत रामकिसनचं पुरतं नाव घोकू लागल्या.