लटारूभाऊंचा काटा

मी ताणकाटा बोलतोय. खाली आकडा, समोर पितळी पट्टी, आत स्प्रिंग. ब्रह्मपुरीत लटारूभाऊंच्या दाराआड खिळ्यावर लटकलेला असतो. वस्तूंनी खरं तर गप्प बसावं, पण मला एक कबूल करायचंय.

दुकानातून आलो तेव्हा मी खरा होतो. जेमतेम आठवडाभर. लटारूभाऊ जंगलातल्या लोकांकडून मोहफुलं विकत घ्यायचे. त्यांनी माझं पोट उघडून जास्त कडक स्प्रिंग बसवली. रिकामा असलो की शून्यावरच उभा, अगदी साळसूद. पण सहा किलो अडकवले की पाच सांगायचो.

गडचिरोलीकडच्या पाड्यावरून कलाबाई यायची. पहाटेपासून वाकून वेचलेली, अंगणात वाळवलेली फुलं घेऊन. माझ्याकडे बघायची, मग टोपलीकडे, आणि मिळाले तेवढे पैसे पदराला बांधून परत जायची. मी आपला पितळ चमकवत बसायचो. लाज आत्ता वाटतेय, तेव्हा फक्त वजन वाटायचं.

पुढे भाऊ थकले, धंदा सुटला. मी खिळ्यावरच, कोळिष्टकांत.

यंदा जूनमध्ये त्यांच्या लेकीला, ज्योत्स्नाला, माझी आठवण झाली. ती शाळेत भूगोल शिकवते, वय चव्वेचाळीस. उत्तर ध्रुवाकडे तंबूत राहायला आणि कयाक चालवायला निघालेली. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती नाव. त्यासाठी दोन वर्षं वैनगंगेत हात दुखवून घेतले होते तिने. नियम एकच होता: सामान पंधरा किलो. तिकडचं विमान छोटं. जास्त भरलं तर विमानतळावरच काहीतरी सोडून जायचं, मग तो तंबू का असेना.

कूलरसमोर उभी राहून ती लोकरी टोपी घालून पाहत होती, घाम पुसत होती. डासांची जाळीही घेतलेली. तिकडेही डास असतात म्हणे. इथल्या डासांत वाढलेल्यांनी त्यांना काय घाबरायचंय.

बॅग माझ्या आकड्याला लागली. मी पंधरा म्हटलं.

बाजाराच्या दिवशी कलाबाई अजूनही चहाला येते. त्या दिवशीही होती. कप खाली ठेवून तिने बॅग एका हाताने उचलली.

"हे पंधरा नाई व पोरी. अठरा भरन."

"काटा खोटं बोलते काय, कलाबाई?"

"हा बोलते."

ज्योत्स्नाने पाच किलो तांदळाची बंद पिशवी आणून मला अडकवली. मी फार प्रयत्न केला. चारच्या जरासा पुढे सरकून थांबलो.

"तुले माहीत होतं?"

"सगळ्याइलेच माहीत होतं. दुसरा काटा कुठी होता?"

खाटेवर पडलेले लटारूभाऊ पंख्याकडे बघत म्हणाले, तेव्हा सगळेच तसं करत.

मग कलाबाई जमिनीवर बसली आणि बॅग रिकामी करू लागली. छोटा कुकर काढला, जवसाच्या चटणीचे डबे काढले, जादा बूट काढले. मधूनमधून बॅग उचलायची, मान हलवायची. शेवटी म्हणाली, आता पंधरा. ज्योत्स्नाने शेजारच्या दुकानातल्या काट्यावर नेऊन पाहिलं. पंधराच.

काढलेलं सगळं कलाबाईने कापडात बांधलं आणि खाटेपाशी नेलं.

"भाऊ, हे धरा."

भाऊंनी उठून बसत दोन्ही हातांनी धरलं.

"एका खेपेले माह्या मोहातलं एवढं राहे तुमच्या घरी."

गाठोडं तसंच धरून त्यांनी हळूच विचारलं, "कुठी ठेवू?"

"ते मी काय सांगू," कलाबाई म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

ज्योत्स्ना गेली. तंबूसकट. मी परत खिळ्यावर आहे.

एवढंच मागतो, मला दुरुस्त करून कुणाला देऊ नका. भंगारात टाका. भंगारवाला मला तोलेल, कदाचित कमीच सांगेल. त्याच्याशी भांडू नका.