स्वयंपाकघरातला हुंकार

बोथच्या मंडल ऑफिसातल्या, म्हणजे तहसील कचेरीतल्या, व्यंकटेशचा फायलींवर भारी जीव. जमाबंदीच्या कागदावर एक सही राहिली, तरी साहेबांच्या आधी त्याच्या लक्षात यायची. घरी आला की मात्र हा गडी पेपरात तोंड खुपसून बसायचा. बायको काही सांगायची, हा ‘हं’ म्हणायचा. हा काही विचारायचा, ती ‘हं’ म्हणायची. दोन लेकरं झाल्यापासून संसार असा बिनबोभाट चालला होता. असे संसार आपल्या शेजारी पुष्कळ आहेत. शेजारीच कशाला, आपल्याही घरात असतील.

त्या दिवशी तो दिवेलागणीला आला तेव्हा करंट गेलेला होता. दार नुसतं लोटलेलं, स्वयंपाकघरात अंधार. खिडकीशी पेपर धरून त्याने नेहमीसारखं आत विचारलं, चहा ठेवते का?

“हं.”

बाळ झोपलं का?

“हं.”

परवा चार वर्षांच्या थोरल्या लेकीला, पद्मिनीला, बासरला न्यायचं होतं, सरस्वती देवीपुढे पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला. तिचा नवा फ्रॉक आणला का, तेही त्याने विचारलं. पुन्हा तोच थंड, ओढलेला हुंकार. चहा येईना. भांडं वाजेना, बांगडीही वाजेना. तरी हा बोलत राहिला आणि आतून उत्तर येत राहिलं.

मग समोरचं दार उघडलं आणि त्याची बायको चारुशीला बाहेरून आत आली! कडेवर तापाने मलूल झालेलं बाळ, हातात औषधाची बाटली. मागे शेजारच्या म्हाताऱ्या जयवंताबाई.

“कोणाशी बोलून राह्यले?” चारुशीलाने विचारलं.

आतून आवाज आला, “हं.”

व्यंकटेशच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने कंदील लावला आणि आत गेला. विझलेल्या चुलीपुढे पद्मिनी बसली होती, डोक्यावर आईच्या जुन्या साडीचा पदर, मांडीवर चिंधीची बाहुली, तोंड भिंतीकडे. तो “पद्मे” म्हणाला. “हं.” चारुशीलाने हाक मारली. “हं.” मान काही वळली नाही. पोरीच्या तोंडून हुबेहूब आईचा आवाज येत होता.

बाळाला दवाखान्यात न्यायचंय, पद्मिनी एकटी राहील, चारला घरी या, असं चारुशीलाने सकाळी बजावलं होतं. त्यावर तो काय म्हणाला होता, ते त्याला आता आठवलं.

जयवंताबाई उंबऱ्यातच बसल्या. “भाऊ, परवा तुमी तिले अक्षर शिकवान. घरचं पयलं अक्षर तं ती कवाच शिकली. तुमच्या घरात भांडण नाही, मारपीट नाही. पण एकमेकाकडे पाहणारं माणूसबी नाही. लेकरू दुसरं काय शिकंल?”

व्यंकटेशने कंदील वर केला आणि कितीतरी दिवसांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता.

“हे कवा झालं?”

“पोळ्याच्या दिवशी.”

पोळा होऊन तीन महिने झाले होते. त्याला रडू आवरेना. “तू सांगतलं असशील, मी आयकलं नसंन. इतके दिवस तू सारं एकटीनं ओढलं, मी एका शब्दानंबी विचारलं नाही. चुकलं माझं.”

चारुशीलाच्या ओठांवर तोच हुंकार आला होता. तिने तो गिळला. “मीबी तुमच्याकडे पाहणं सोडलं होतं,” ती म्हणाली. “लेकराच्या तापापायी तुमी मागं तीन रात्री बसून काढल्या. मी तुमाले पाणीबी विचारलं नाही.”

दोघं बोलत राहिली. कितीतरी वेळाने चुलीपुढचा पदर हलला.

“आई, बाबा काऊन रडून राह्यले?”

पद्मिनीचा स्वतःचा आवाज होता तो. चारुशीलाने तिला छातीशी धरलं.

बंधुभगिनींनो, आईबाप झालो म्हणून नवराबायकोने एकमेकांना विसरायचं नसतं. समोरच्याने केलेलं दिसलं पाहिजे, आणि दिसलं ते बोललं पाहिजे. लेकरं आपल्याकडूनच बोलायला शिकतात. तुमचं लेकरू कोणाच्या आवाजात बोलतं, ते आज घरी गेल्यावर जरा कान देऊन ऐका.